बऱ्हाणपूर : खानदेशाची विसरलेली राजधानी

'बुरहान' हा अरबी शब्द. दलील, पुरावा असा त्याचा अर्थ. मराठी माणसाच्या तोंडी तो घासून 'बऱ्हाण' झाला आणि तापीकाठच्या एका शहराचे नाव बऱ्हाणपूर म्हणून रूढ झाले. उर्दूत आजही ते 'बुरहानपूर' असेच लिहितात. रावेर स्टेशन मागे पडले की थोड्याच वेळात गाडी राज्याची हद्द ओलांडते आणि हे शहर येते. २००३ साली ते खंडव्यापासून वेगळे होऊन जिल्ह्याचे ठिकाण झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २ लाख १० हजारांच्या आसपास होती. म्हणजे आजच्या हिशेबाने लहानसेच शहर. पण सोळाव्या-सतराव्या शतकात दख्खनच्या राजकारणाचे दार इथे उघडत होते आणि इथेच बंद होत होते.

आम्ही जळगाव जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांचे तरी नातेवाईक बऱ्हाणपुरात आहेत. कुणाची फूफी तिथे दिलेली, कुणाची भाभी तिथून आणलेली. वर्गात बऱ्हाणपूरचे नाव काढले की मुले लगेच बोलू लागतात. मावा जलेबी, दराबा, परातीएवढे मांडे, सगळे त्यांना तोंडपाठ असते. पण ते शहर कुणी वसवले, कशासाठी वसवले, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. फार तर एखादा मुलगा म्हणतो, "बादशाहांनी." कुठले बादशाह, हे त्याला सांगता येत नाही.

दोष मुलांचा नाही. बऱ्हाणपूर ही खानदेशाची राजधानी होती, पण इंग्रजी अमलात ती निमाड जिल्ह्यात गेली आणि खानदेशाचा उरलेला मुलूख मुंबई इलाख्यात राहिला. १९०६ मध्ये त्याचेही पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. तेच पुढचे जळगाव आणि धुळे. अशा रीतीने राजधानी एका राज्यात आणि तिचा मुलूख दुसऱ्या राज्यात, अशी वाटणी झाली. ज्याची राजधानीच हरवली त्या प्रदेशाचा इतिहास त्याच्या लेकरांना कोण सांगणार?

खुलदाबादचा ऋणानुबंध

गोष्ट सुरू होते थाळनेरपासून. धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळ तापीच्या काठी थाळनेर आहे. फिरोजशाह तुघलकाच्या काळात, १३७० च्या सुमारास, मलिक राजा नावाच्या सरदाराला हा मुलूख मिळाला. पुढे दिल्लीची पकड सैल झाली आणि तो स्वतंत्र झाला. हे घराणे आपला वंश हजरत उमर फारूक यांच्यापर्यंत नेत असे, म्हणून ते फारुकी. १३९९ मध्ये मलिक राजा वारला. थाळनेरला फारुकींच्या कबरी आजही उभ्या आहेत.

त्याचा मुलगा नासिर खान याने असीरगडचा बुलंद किल्ला घेतला आणि तापीच्या दोन्ही तीरांवर दोन वस्त्या वसवल्या. उत्तर तीरावर बुरहानपूर आणि समोर दक्षिण तीरावर जैनाबाद. ही दोन्ही नावे खुलदाबादहून आलेली आहेत. हजरत बुरहानुद्दीन गरीब हे चिश्ती परंपरेतले बुजुर्ग. ते १३३७ मध्ये वारले आणि खुलदाबादला दफन झाले. त्यांचे खलिफा हजरत जैनुद्दीन शिराजी यांचीही मजार तिथेच आहे. एका राजाने नवे शहर वसवले, पण त्याला स्वतःचे नाव दिले नाही. एका फकिराचे नाव दिले आणि पलीकडच्या गावाला त्याच्या शिष्याचे.

फरिश्ताच्या तवारीखेत असे आहे की, असीरगड जिंकल्यावर जैनुद्दीन स्वतः नासिर खानाला भेटायला आले आणि त्यांच्याच सांगण्यावरून शहराला हे नाव मिळाले. कथा गोड आहे, अनेक घरांत ती अजून सांगितली जाते. परंतु जैनुद्दीन १३६९ मध्ये वारले होते आणि नासिर खान गादीवर आला १३९९ मध्ये. तीस वर्षांचे अंतर अकीदतीने भरून निघत नाही. मुलांना आम्ही दोन्ही सांगतो. कथा सांगतो आणि सनावळीही सांगतो. मग त्यांनाच विचारतो, कथा खरी नसली तरी ती का सांगितली गेली असेल? मुले नेमके उत्तर देतात. नव्या राजाला आपल्या गादीमागे दुआ आहे हे दाखवायचे होते.

खुलदाबादचे हे नाते एकतर्फी राहिले नाही. साडेतीनशे वर्षांनंतर, १७४८ च्या जूनमध्ये, हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक निजामुल्मुल्क बऱ्हाणपुरात वारला. त्याचा देह खुलदाबादला नेण्यात आला आणि बुरहानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन झाला. नाव तिकडून इकडे आले, मय्यत इकडून तिकडे गेली. खानदेश आणि मराठवाडा यांच्यातला हा जुना रस्ता असा आहे.

मेहराबीवरचा संस्कृत लेख

शहराच्या मध्यभागी, गांधी चौकात, जामा मस्जिद उभी आहे. ती राजा अली खान ऊर्फ आदिलशाह फारुकी याने हिजरी ९९७ मध्ये, म्हणजे १५८८-८९ च्या सुमारास, बांधून घेतली. विजापूरचा आदिलशाह वेगळा, हा खानदेशचा. समोरच्या बाजूला पंधरा कमानी आणि दोन्ही टोकांना दोन उंच मिनार. आपल्या डोळ्यांना मशीद म्हटली की घुमट दिसतो. इथे मोठा घुमट नाही. आतले छत दगडी कमानींवर तोललेले आहे आणि वरून ते सपाट दिसते. आत उभे राहिले की एका मागोमाग एक कमानींच्या रांगा लागतात आणि नजर कुठेच अडत नाही. नमाजाच्या सफांना शोभेल अशीच ही रचना आहे.

पण या मशिदीची खरी दौलत तिच्या भिंतीवरच्या अक्षरांत आहे. मधल्या मेहराबीवर अरबी लेख आहे, त्यात कुणाला नवल वाटत नाही. कोपऱ्यातल्या मेहराबीवर मात्र देवनागरीत संस्कृत लेख कोरलेला आहे. त्याची सुरुवात सृष्टी निर्माण करणाऱ्याला वंदन करून होते. तो अव्यक्त आहे, सर्वव्यापी आहे, नित्य आहे, गुणांच्या पलीकडचा आहे, असे पुढे म्हटले आहे. नंतर फारुकी राजांची वंशावळ येते आणि शेवटी मशिदीच्या उभारणीचा काळ. त्यात हिजरी सन आहे, विक्रम संवत १६४६ आहे, शके १५११ आहे, शिवाय तिथी, वार, नक्षत्र आणि लग्नसुद्धा आहे. म्हणजे मशिदीच्या बांधकामाचा काळ एका जोशाने पंचांग पाहून लिहून दिला आणि तो मेहराबीवर कोरला गेला.

एका सहलीत आमच्या नववीतल्या मुलीने हा लेख पाहून विचारले, "सर, मस्जिदीत संस्कृत कशाला?" प्रश्न साधा होता, पण आजच्या दिवसांत तो फार मोठा आहे. आम्ही तिला म्हटले, तू याला उलटा विचार. राजाला मशीद बांधायची होती, नमाज अरबीत होणार होती, दरबाराचा कारभार फारसीत चालत होता, मग संस्कृत लेख कोरून घ्यायची त्याला गरज काय होती? उत्तर त्या लेखातच आहे. ज्या भाषेत इथली विद्वान मंडळी लिहीत होती त्या भाषेतही आपले नाव आणि आपल्या खुदाचे वर्णन असावे, असे त्याला वाटले. आणि वर्णन करताना असे शब्द निवडले की मुसलमानाला त्यात तौहीद दिसावी आणि ब्राह्मणाला निर्गुण ब्रह्म. कुणाच्याही श्रद्धेला त्यात मुरड घालावी लागली नाही.

हा अपवाद समजू नये. असीरगडावरच्या मशिदीतही याच राजाच्या काळचा संस्कृत लेख आहे. म्हणजे हे धोरण होते, लहर नव्हती. जे म्हणतात की मुसलमान राजे इथल्या मातीला परकेच राहिले, त्यांच्यासाठी हा लेख पुरावा आहे. आणि आपल्यापैकी जे म्हणतात की संस्कृतशी आपले काय नाते, त्यांच्यासाठीही तो तेवढाच पुरावा आहे. शहराचे नावच बुरहान. दोन्ही बाजूंना ते सारखेच लागू पडते.

याच मशिदीवर आणखी एक लेख आहे. १६०१ च्या जानेवारीत असीरगड पडला आणि फारुकी राज्य संपले. अकबराने आपल्या विजयाची नोंद फारसीत इथे कोरवून घेतली. ती लिहिली मीर मुहम्मद मासूम भक्करी या सिंधी विद्वानाने. एकाच इमारतीवर बांधणाऱ्याचाही लेख आहे आणि जिंकणाऱ्याचाही. जिंकणाऱ्याने आधीचे लेख खरवडून टाकले नाहीत, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे लागते.

जामा मशिदीच्या आधीची बीबी की मस्जिदही शहरात आहे. तिच्यात गुजरातच्या बांधणीची छाया स्पष्ट दिसते. फारुकी आणि गुजरातचे सुलतान यांच्यात सोयरिकी होत्या. सुनेबरोबर जसा रुखवत येतो, तसे कारागीरही येत असावेत.

कलम आणि खानकाह

इमारती डोळ्यांना दिसतात, म्हणून इतिहास म्हणजे इमारती असे आपण धरून चालतो. पण बऱ्हाणपूर कागदावरही वसलेले होते. उर्दू शिकवणाऱ्या माणसाने तर या शहराकडे पाठ फिरवूच नये. शाह बहाउद्दीन बाजन हे उर्दूच्या अगदी आरंभीच्या कवींपैकी एक. अहमदाबादेत जन्मले, १५०६ मध्ये बऱ्हाणपुरात वारले. त्यांची रचना ज्या बोलीत आहे तिला कुणी हिंदवी म्हणते, कुणी गुजरी. आज आपण जिला उर्दू म्हणतो तिचा पाळणा दिल्ली-लखनौत हलण्याआधी इथे तापीच्या काठी हलत होता. आमच्या मुलांना मीर आणि गालिब ठाऊक असतात. बाजन ठाऊक नसतात, आणि त्यांची मजार इथून काही तासांच्या अंतरावर आहे.

शेख अली मुत्तकी यांचा जन्म बऱ्हाणपूरचा. पुढे ते मक्केला गेले, १५६७ मध्ये तिथेच वारले. त्यांचा 'कन्जुल उम्माल' हा हदीसचा संग्रह जगभरच्या मदरशांत ओळखला जातो. मुहम्मद फजलुल्लाह बुरहानपुरी यांनी १५९० मध्ये 'अत-तुहफतुल मुर्सला' हे तसव्वुफवरचे छोटेसे अरबी पुस्तक लिहिले. ते जहाजांबरोबर सुमात्रा आणि जावापर्यंत गेले, तिथे त्यावर वाद झाले आणि जावानी भाषेत त्याचे रूपांतर झाले. तापीकाठच्या एका खानकाहीत लिहिलेले पान हजारो मैलांवरच्या बेटावर वाचले जात होते. सिंधमधून आलेल्या घराण्यातले शाह ईसा जुन्दुल्लाह इथलेच. सिंधी लोकांची वस्ती म्हणून सिंधीपुरा मोहल्ल्याचे नाव पडले. औरंगजेबाच्या काळात 'फतावा-ए-आलमगिरी' तयार करणाऱ्या उलेमांचे प्रमुख शेख निजाम हेही बुरहानपुरीच.

आपल्या समाजात इल्मचा विषय निघाला की लोक बगदाद आणि कुर्तुबाच्या गोष्टी सांगतात. त्या सांगाव्यात. पण रावेरहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशा गावाला विसरून सांगू नयेत.

मोगलांचे दार

अकबराने खानदेश जिंकला आणि बऱ्हाणपूर मोगलांच्या दख्खन मोहिमांचे ठाणे झाले. शहाजादे इथे सुभेदार म्हणून येत. येताना लष्कर, खजिना, कवी, चितारी सगळे घेऊन येत. परतताना सगळेच परत गेले नाहीत. अकबराचा मुलगा दानियाल १६०५ मध्ये दारूच्या व्यसनापायी इथे वारला. जहांगीरचा थोरला मुलगा खुसरो १६२२ मध्ये इथल्या कैदेत संपला. दुसरा मुलगा परवेज १६२६ मध्ये इथेच गेला. इंग्रज राजाचा वकील टॉमस रो १६१५ मध्ये याच परवेजच्या दरबारात आला होता.

१६३१ च्या जून महिन्यात मुमताजमहल इथे आपल्या चौदाव्या बाळंतपणात वारली. तिचा देह आधी तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत ठेवण्यात आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आग्र्याला नेण्यात आला. ताजमहाल सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्या किल्ल्यात तिने अखेरचा श्वास घेतला तो शाही किल्ला तापीच्या काठावर पडझडीच्या अवस्थेत उभा आहे. किल्ल्याचा मूळ भाग फारुकी काळातला, वरचे महाल मोगलांचे. त्यातले बरेच ढासळले. हमामखाना मात्र बऱ्यापैकी शाबूत आहे. त्याच्या छतावरची रंगीत नक्षी जागोजागी अजून टिकून आहे. चौदा बाळंतपणे झालेल्या त्या स्त्रीचे वय मृत्यूसमयी चाळीसही नव्हते. ताजमहालाची गोष्ट सांगताना आपण फक्त इश्काची सांगतो. मुलींच्या वर्गात आम्ही हा आकडाही फळ्यावर लिहितो.

याच काळात अब्दुर्रहीम खान-ए-खाना हा या शहराचा खरा कर्ता पुरुष होता. बैरम खानाचा मुलगा, अकबराचा सेनापती, बाबरनाम्याचा फारसी अनुवादक आणि हिंदी दोह्यांचा 'रहीम'. त्याच्या आश्रयाला असलेल्या अब्दुल बाकी निहावंदीने 'मआसिर-ए-रहीमी' हा ग्रंथ १६१६ मध्ये पुरा केला. रहीमचा तरुण मुलगा शाहनवाज खान १६१९ मध्ये वारला. उतावळी नदीच्या काठावर त्याचा काळ्या दगडाचा मकबरा आहे. लोक त्याला काला ताजमहल म्हणतात. शाह शुजाच्या बेगमेचा मकबरा वेगळ्याच घडणीचा. घुमट आणि चौथरा दोन्हींना फाका पाडलेल्या आहेत, म्हणून तो खरबुजा गुंबद म्हणून ओळखला जातो.

शहराने परक्यालाही जागा दिली. शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंग १६६७ मध्ये दख्खनहून परतताना बऱ्हाणपुरात वारला. तापी-मोहना संगमाजवळ बोहरडा गावी त्याची छत्री आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना इथे थांबले होते, त्यांच्या आठवणीचा गुरुद्वारा शहरात आहे. बोहरा समाजाची दर्गाह-ए-हकीमी गावाबाहेर आहे आणि तिथे देशोदेशीचे जायरीन येतात.

जमिनीखालचे शहर

एवढे लष्कर, एवढी माणसे, जनावरे आणि बागा यांना पाणी कुठून मिळत होते? तापी आहे, पण ती खोल वाहते आणि वेढा पडला तर शत्रू तिच्या काठावर बसतो. या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कुंडी भंडारा. काम १६१५ च्या सुमारास, खान-ए-खानाच्या सुभेदारीत झाले.

सातपुड्यावर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकत राहतो. बांधणाऱ्यांनी हे सरकते पाणी वाटेतच गाठले. थोड्या थोड्या अंतरावर विहिरींसारख्या कुंड्या खणल्या आणि त्यांची तळे बोगद्याने एकमेकांना जोडली. अशा कुंड्या शंभराहून अधिक आहेत. बोगद्याला इतका बेताचा उतार दिला की मोट नको, रहाट नको, पाणी आपोआप शहराकडे वाहत यावे. कुंड्यांच्या तोंडांतून हवा आणि उजेड आत जातो, गाळ काढायला माणूस उतरतो. इराणात अशाच रचनेला कनात म्हणतात. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण अशी इतर पाणीसाठ्यांची नावे. त्यांतले काही पाणी जाली करंज येथे एकत्र येऊन नळांनी शहरात खेळवले जाई.

लोक कुंडी भंडाऱ्याला 'खूनी भंडारा'ही म्हणतात. त्या नावावरून बाहेरचा माणूस भुताखेताच्या कथा शोधू लागतो. पाण्यातल्या खनिजांच्या लालसर छटेवरून ते नाव पडले असे सांगतात. दुसरी गंमत बांधणाऱ्याच्या नावाची. हे काम तबकातुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने केले, असे सगळीकडे छापलेले असते. ज्याला उर्दू येते तो इथे थबकतो. 'तबकातुल अर्ज' म्हणजे जमिनीचे थर. उर्दूत भूगर्भशास्त्राला हाच शब्द आहे. हे आईबापांनी ठेवलेले नाव वाटत नाही, विद्येचे नाव वाटते. 'तबकातुल अर्जचा जाणकार' यातला 'जाणकार' कधीतरी गळाला आणि उरलेला शब्द माणसाचे नाव होऊन बसला असावा, असा आमचा कयास आहे. भाषा येत असली की इतिहास असा उलगडतो. उर्दू शिकून काय मिळते, असे विचारणाऱ्या पालकांना आम्ही हे उदाहरण देतो.

याच सुमारास मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर), नहर आणली. मलिक अंबर आणि खान-ए-खाना रणांगणावर एकमेकांचे वैरी होते. पण दोघांनीही रयतेला पाणी पाजण्याची विद्या एकच वापरली. कुंडी भंडारा मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेला. ही आनंदाची बातमी आहे. पण बोगद्याच्या भिंतींवर चुन्याचे थर साचत चालले आहेत, डोंगरावरची झाडी विरळ झाली आहे आणि कूपनलिका जमिनीतले पाणी वरच्यावर ओढून घेत आहेत. चारशे वर्षे जे वाहिले ते आपल्या पिढीत आटले, तर त्याचा जाब पुढची पिढी आपल्यालाच विचारेल.

कोट, दरवाजे आणि माग

शहराचा कोट निजामुल्मुल्कने १७३० च्या सुमारास बांधला. शनवारा, इतवारा, शिकारपुरा, लोहारमंडी ही दरवाजांची नावे. वारांच्या नावांत बाजारांची आठवण आहे, लोहारमंडीत धंद्याची. कोट जागोजागी तुटला, दरवाजे उभे आहेत आणि त्यांच्याखालून आता रिक्षा जातात.

कोटाच्या आधी हे शहर किती उघडे होते हे १६८१ मध्ये दिसले. त्या वर्षाच्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बहादूरपुरा हे श्रीमंत उपनगर लुटले. वर्ष संपता संपता औरंगजेब स्वतः बऱ्हाणपुरात दाखल झाला. हा प्रसंग आम्ही वर्गात वगळत नाही आणि रंगवूनही सांगत नाही. ती दोन सत्तांची लढाई होती आणि लुटले जात होते ते व्यापाऱ्याचे भांडार. पुढे १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने शहर पेशव्यांना दिले, १७७८ मध्ये ते शिंद्यांकडे गेले आणि १८६० मध्ये इंग्रजांकडे. मालक बदलत राहिले.

बदलला नाही तो माग. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये लिहितो की इथली तलम मलमल आणि जरीचे कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जाते. १८५७ नंतर उत्तरेकडून उठलेले मोमीन विणकर मालेगाव आणि भिवंडीप्रमाणे इथेही आले. हातमाग गेला, यंत्रमाग आला. मकबऱ्यांच्या यादीत विणकरांची नावे नसतात. पण या शहराचा महसूल, या इमारतींचा चुना आणि या दरबारांचा थाट ज्यांच्या बोटांतून निघाला त्यांचीच मुले आज आमच्या वर्गांत बसतात. त्यांना हे सांगितले की त्यांची मान थोडी ताठ होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मग आपण काय करायचे?

इतिहासाविषयी आपल्याकडे दोन सवयी आहेत. एक, गेलेल्या वैभवाचे मर्सिये गाणे. दुसरी, कुणी बोट दाखवले की मान खाली घालणे. दोन्हींत कष्ट नाहीत. कष्ट आहेत ते वाचण्यात आणि जपण्यात.

काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. जुन्या मशिदीत दुरुस्ती काढली की हौसेने टाइल्स बसवल्या जातात आणि दगडावर तैलरंग फासला जातो. त्या रंगाखाली एखादा लेख कायमचा मिटतो. मस्जिद कमिटीने काम काढण्याआधी एखाद्या जाणकाराला भिंती दाखवाव्यात, एवढे तर करता येईल. घरोघरी जुनी फारसी-उर्दू कागदपत्रे ट्रंकेत पडलेली असतात. ती रद्दीत देण्याआधी कुणाकडून वाचून घ्यावीत. आणि शाळांनी सहल काढताना धबधब्याबरोबर एखादा शिलालेखही यादीत घालावा.

आम्ही दरवर्षी मुलांना एक काम देतो. आपल्या गावातल्या सर्वांत जुन्या इमारतीची मापे घ्यायची, तिच्यावर अक्षरे असतील तर उतरवून आणायची आणि वयस्कर माणसाला विचारून तिची हकिकत लिहायची. उर्दूत लिहा किंवा मराठीत, चालते. बहुतेक मुले हकिकत मराठीत लिहितात आणि अक्षरे उर्दूत उतरवतात. खानदेशच्या मुसलमानाची हीच खरी ओळख आहे, असे आम्हाला वाटते. राजा अली खानाच्या मशिदीला दोन लिप्या जड झाल्या नव्हत्या, मग आपल्या मुलांना त्या का जड व्हाव्यात?

जामा मशिदीतला अरबी लेख आमची मुले अडखळत का होईना वाचतात. संस्कृत लेख त्यांना वाचता येत नाही. म्हणून पुढच्या सहलीला शेजारच्या मराठी शाळेतल्या संस्कृतच्या बाईंना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना सोबत न्यायचे ठरवले आहे. त्यांची मुले एक मेहराब वाचतील, आमची मुले दुसरी. अर्थ दोघांनी मिळून लावायचा.